काही म्हणजे

घणसोलीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
सात ते साडेआठ मी 'काही' शिकवतो.
वर खडू, खाली पीठ.
घरी गेलं की बायको माझा शर्ट झटकते, विचारत नाही.

फळ्यावर लिहितो : काही पंखे फिरत आहेत.
यावरून काही पंखे बंद आहेत, असं म्हणता येईल का?
वर्ग छताकडे बघतो.
चार पंखे. चारही फिरतायत.
"सर, मग तुम्ही खोटं लिहिलंत."
नाही रे. काही म्हणजे किमान एक.
वर किती, ते वाक्यानं सांगितलेलंच नाही.
"घरी असं कोण बोलतं?" निहाल गवते उठतो.
"काही लाडू खाल्ले म्हणालो आणि डबा रिकामा निघाला,
तर आई 'यापैकी नाही'वर खूण करत नाही सर,
गालावर करते."

हसू ओसरेपर्यंत मी पुढचं लिहून ठेवतो :
पदवीधरच अर्ज करू शकतात.
पदवीधर अर्ज करूच शकतात.
तेच शब्द, तोच च,
फक्त दोन घरं पुढे राहायला गेला
आणि बारावी पासवाल्यांना
दार उघडं की बंद, कळेना.
संघवी नावाची मुलगी होती गेल्या वर्षी,
पाऊण गुणानं यादीबाहेर.
आता रबाळ्याला पाण्याचे फिल्टर विकते.
फोनवर म्हणाली, सर, मला वाटलं तो च उगाच आहे,
आपण बोलताना लावतोच की.

'सर्व उमेदवार उत्तीर्ण झाले नाहीत.'
इथे मात्र मीच अडखळतो.
एकही नाही, की एखादा राहिला?
इंग्रजीवरून उतरवणाऱ्यानं
'नाही' कुणाच्या गळ्यात बांधला
ते त्यालाच ठाऊक.
मी सांगतो, असा प्रश्न आला तर पर्याय आधी वाचा,
आणि खडू उगाच मोडतो.

प्रचिती मढवी शेवटच्या बाकावर बसते.
वर्ग सुटल्यावर थांबली.
प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला,
घडीवर फाटलेला, खाली अंगठा.
"सदर गावातील काही जमीन."
"आजोबा बोलायचे, काही बोललेले ते.
आम्हाला वाटलं, काही राहील."
मग शांतपणे, वहीत बोट ठेवून,
"म्हणजे सर, ते चुकले नव्हते ना?
सगळी घेतली तरी वाक्य खरंच राहतं."

खाली गिरणीचा पट्टा थांबला.
"बरोबर," मी म्हणालो.
थोड्या वेळानं म्हणालो, "तर्कानं बरोबर."
तिनं तो उशिरा आलेला शब्दही टिपला,
खाली रेघ मारली.

मी फळा पुसला. पंखे गेले,
काही तसंच राहिलं, ओल्या फडक्यानंही जाईना.

रविवारी तिचा पेपर होता, ऐरोलीच्या केंद्रावर.
संध्याकाळी मेसेज आला :
सर, काही उत्तरं बरोबर आली.

किती, ते मी अजून विचारलेलं नाही.