मागचं टोक

नऊच्या हीटला मी फळीवर पालथा पडलो,
छाती लाकडावर, हनुवटी पाण्याच्या चार बोटं वर.
फळ्या आमच्याच मोडक्या डोंग्यांच्या, पिंपांवर बांधलेल्या.
तीनशे रुपये रोज, वर एक टोपी,
आणि काम काय, तर नावेचं मागचं टोक धरायचं.
नागपूरचा साहेब तीनदा बजावून गेला:
ढकलायचं नाही, ओढायचं नाही,
'गो' म्हटलं की फक्त सोडायचं.

शिंगाडा निघाला तसे आम्ही इथले वेल उपटले,
सोसायटीच्या जाळ्यांचे थर्माकोल दोरीत ओवले,
तलावावर आठ रस्ते पाडले, पाचशे मीटर,
पार त्या बेहड्याच्या झाडापर्यंत.
बगळे दोन दिवस बिचकले.
मग दोरीवरच बसायला लागले.

माझी यामिनी सात नंबरात.
माझ्या हाती चार.
आपल्या पोरीची नाव आपण धरू नये
असं कागदावर कुठं नव्हतं.
मीच हिवराजला म्हटलं, "तू जाय तिकडं, सातवर."

चारच्या पोरीचं तोंड मी पाहिलं नाही.
पाठ पाहिली. वेणीला दोन काळे चाप.
एक गुडघा टेकलेला, एक पाय पुढं,
आणि वल्हं पाण्याला लागता लागता थांबलेलं.
नाव कसली, काकडीची साल.
तिचं काळीज पार टोकापर्यंत येत होतं,
माझ्या मुठीत धडधडत होतं.
जाळ्यात मरळ शिरली की असंच कळतं,
आधी हाताला, मग डोक्याला.

रेडी.
तीस वर्षं मी धरायचंच काम केलं.
दोरी धरली, बांबू धरला, निसटणारं शेपूट धरलं.

सेट.
पापणी लवते तेवढा उशीर.
कोणाला कळला असता?
चारला नखभर कमी पाणी, सातला नखभर जास्त.
हे मनात आलं.
आलं म्हणून सांगतो.

गो.
बोटं उघडलेलीच होती.
मला न विचारता.

मग तोंडावर शिंतोडे, आणि आठ पाठी
वाकताना, उठताना, बारीक होत गेलेल्या.
शर्यत तिकडं संपते. इकडं नुसता फेस येतो.
भोंग्यावर कोणाचं तरी नाव घेतलं,
वाऱ्यानं ते पाळीपलीकडं नेलं,
"…पॉइंट शून्य सहा…" एवढंच माझ्यापर्यंत आलं.
तोवर दहाची हीट मागं मागं सरकत
फळीला लागली,
दुसरं टोक हातात, निळं, थंडगार.

संध्याकाळी यामिनी सायकलवर मागं बसली
ती गाव दिसेस्तोवर बोलली नाही.
मी विचारलं नाही.
बोरीच्या वळणावर म्हणाली,
"बाबा, ते चारवाली कशी सुटली, पाहिलं?
पानी हाललंच नाही तिच्या मागं."

"हव," म्हटलं,
आणि उभा राहून पायडल मारलं.
पुढं चढ होता.