आर्वीला, एक दिवस जास्त

तिसऱ्या दिवशी डावी टाच फुटली.
धुळं मागं पडलं होतं,
पांझरेचा पूल, खाली वाळू आणि तीन गाढवं.
चैत्रातला डांबरी रस्ता.
तव्यावरची भाकर निदान उलटतात तरी,
हा एकाच बाजूनं भाजत होता.

दगाआण्णा पुढून ओरडले,
"सप्तशृंगीचं नाव घे, दुखणं पळतं."
घेतलं.
दुखणं पळालं नाही.
माझ्या चालीनं चालत राहिलं,
लंगडत.

आर्वीत रस्त्याला लागून एक निंब,
निंबाखाली खाट,
खाटेशेजारी बादली.
कोकिळाबाई बागुल, पस्तीस वर्षं सिस्टर होती सरकारी दवाखान्यात,
आता दर चैत्रात पाय बघत बसते
जाणाऱ्या-येणाऱ्यांचे. तोंडं नंतर बघते.
मला म्हणाली, "बठ."
मी म्हटलं, सगळे पुढे गेले.
"बठ वं माय. गड काय पयी जास का?"

मिठाचं कोमट पाणी.
पाय बादलीत सोडला आणि मला कसंसंच झालं.
माझे पाय दुसऱ्या कुणी धुतलेले
मला आठवत नाहीत.
लग्नात धुतले असतील.
सुई जाळावर धरली तिनं, फोडाच्या कडेला टोचली,
वरची कातडी तशीच ठेवली.
"काढू नको ती. तिलाच माहीत,
खाली काय चाललंय."

मग खाट.
मी टेकले, चपला हातात धरूनच,
कुणी हाक मारली तर उठायला बरं.
कुणी मारली नाही.
हे नवीन होतं.
बेटावदला घरी
भिंतीला पाठ लागली की
कुकर बोलावतो, म्हैस बोलावते,
कुणीच नसलं तर मीच बोलावते मला.
नवससुद्धा माझा नाही हा.
नातवाच्या कानाचं ऑपरेशन नीट झालं, त्याचा आहे.
कान त्याचा, पाय माझे.
त्याचं काही नाही, खुशीनं चालतेय.

पण ऐका,
मी, वत्सला भिका देवरे, वय वर्षे एकसष्ट,
चैत्र शुद्ध नवमीला
भर दुपारी झोपले.
घोरले असेन.
अंगावर निंबाचा मोहोर पडत होता, तो झटकला नाही.
भोंगे वाजत ट्रक जात होते मालेगावकडं,
आणि भगवे झेंडे, आणि डीजेचा टेम्पो,
सगळी घाई माझ्या उशापासून चार हातांवर,
आणि मी तिच्यात नव्हते.

जाग आली तेव्हा सकाळ की संध्याकाळ, कळेना.
एक पोरगं सायकलचं टायर काठीनं पळवत होतं,
त्यावरून संध्याकाळ.
कोकिळाबाईनं दादरची भाकर आणि ठेचा पुढ्यात ठेवला.
"देवीला राग येईल का?" मी विचारलं.
ती घास चावत राहिली बराच वेळ.
म्हणाली, "गडावर बसलीय ना ती?
बसलेल्या बाईला
बसलेल्या बाईचा राग कशाला येईल?"

हसलो दोघी. मग मला रडू आलं थोडं,
ते ठेच्यावर घातलं.

दगाआण्णांचा फोन आला रात्री,
झोडगे ओलांडलं, म्हणाले, तू मागं राहिलीस.
हो म्हटलं.
मागं राहायला जागा बरी आहे इथं.

पहाटे निघाले, एकटी,
तारे होते अजून.
टाचेवर कापसाची गादी,
पिशवीत मिठाची पुडी, सुई,
आणि चपलेचा पट्टा
एका भोकानं सैल.

पुलाच्या कठड्याशी एक सून-वयाची पोर दिसली,
ओठ दाबून चालत होती,
उजवा पाय कडेनं टाकत.
मी तिचं तोंड पाहिलंच नाही.

"बठ," म्हटलं.