पापणी असलेला मासा

गुजरीत आमच्या दुकानाला पाटी नाही.
दोन ऐरणी, एक भट्टी, आणि भिंतीला
अण्णांनी ठोकलेला ठशांचा खण.
त्यातला एक ठसा माशाचा.
कोल्हापुरी साजातला मत्स्य, चार गुंजांचा,
आणि त्याला पापणी.

अण्णांनी समुद्र पाहिला नव्हता.
त्यांच्याही वडिलांनी नव्हता.
रंकाळ्याला भरती येत नाही.

बाविसाव्या वर्षी मी फिटर म्हणून जहाजावर चढलो.
'सोनाराचं पोर आता लोखंडाला डाग देणार,'
समोरच्या कट्ट्यावरून कुणीतरी हसलं.
आमच्यात डाग म्हणजे सांधा,
डाग म्हणजे दागिना,
आणि डाग म्हणजे डागच.
अण्णांना तिसरा ऐकू आला.

मोंबासा, वाल्पराइसो, बुसान.
नावं मी तारेच्या मापांसारखी पाठ केली.
इंजिनखोलीत दिवस कळायचा नाही, फक्त पाळी कळायची.
पहाटे डेकवर यावं तर
जहाजामागे पाण्याची रेघ:
जंत्रीच्या भोकातून कुणी ओढत न्यावी
तशी लांबत, बारीक होत,
कुठेही न तुटता
संपलेली.

एका रात्री पाणी आतून पेटलं.
हिरवं, गार.
'किडे आहेत,' भंडारी तोफज्जल म्हणाला, तो चितगावचा.
मला वाटलं, जगातल्या साऱ्या गुजऱ्यांचा केर
कुणीतरी झाडून इथे ओतला,
झारेकरी यायच्या आत.

त्याच तोफज्जलने सुरमई चिरताना
मुंडकं माझ्या नाकासमोर धरलं.
'बघ. माशाला पापणी नसते.'
मी वहीत काढला तो डोळा: उघडा, गोल,
मेल्यावरसुद्धा बघणारा.
मोंबासाहून पाठवला. खाली एक ओळ:
अण्णा, ठसा चुकलाय.

उत्तर दोन महिन्यांनी, तिसऱ्याच बंदरात.
'तुझा मासा बाजारातला.
आपला देवाचा.
लाखेचा भाव वाढला आहे. कानटोपी घालत जा.'

पाच वर्षांनी परत बैठकीवर बसलो.
बोटांना मिठाच्या भेगा, टाकणखार झोंबायचा.
अण्णांनी एवढंच कबूल केलं,
'फुंकर लांबलीय तुझी.'

मग मी लाटा केल्या. कानातल्या.
गिऱ्हाईक म्हणालं, वाकड्या आहेत, सरळ करा.
आटवल्या.
शिंपल्याची नथ केली, ती बायकोनेच घातली,
तीही एकदा, दार लावून.

पण नांगराच्या साखळीत
प्रत्येक कडीच्या पोटात एक आडवी दांडी असते,
म्हणून ती गुंतत नाही.
ती कडी मी गव्हाएवढी केली.
आज हुपरीपर्यंत तिला 'बोटीची साखळी' म्हणतात.
कोणती बोट, कुणी विचारत नाही.

अण्णा गेले त्या वर्षी
मी उघड्या डोळ्याचा ठसा कोरला.
पहिला तडकला. दुसरा चांगला उतरला.
खणात जुन्याशेजारी ठेवला.
ठोकायला हात जातो तो
जुन्याकडेच.

परवा कालिंदी नेजकर साज न्यायला आली.
नोकरी हॅम्बुर्गला, तिकीट सोमवारचं.
भिंग मागून घेतलं, एकेक पान बघितलं,
आणि थांबली.
'काका, माशाला पापणी?'

सांगण्यासारखं पुष्कळ होतं.
पटवेकऱ्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली,
म्हणालो, 'झोपलाय.'

ती हसली. पैसे मोजले. दारात वळली.
'विमानात पेटीत ठेवू का, काका, की पर्समध्ये?'

'गळ्यात घाल,' म्हणालो.
'खिडकीशी बस.
पाणी लागलं की
पदर जरा बाजूला कर.'