ह्याला मी दिसत नाही

बाराच टॅबलेट आले. पोरं तेवीस.
बिश्केकच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणात
हिशेब दर मुलामागे एक असा होता.
खोकं फोडताना सादात एजे दारात उभ्या होत्या,
चौतीस वर्षांचा खडू कोटाच्या खिशात,
खिशाची शिवण कायमची पांढरी.
म्हणाल्या, "आधी शेगडी पेटव, पोरी. मग बघू."

नारीनमध्ये नोव्हेंबरात शाळा कोळशावर चालते.
पहिली घंटा होते तेव्हा
डोंगर अजून उजाडायचे असतात.

पहिला धडा अक्षर गिरवायचा.
स्क्रीनवर ठिपक्यांची वाट, टोकाला ससा.
बोट वाटेवरून नीट गेलं की ससा उडी मारणार.
नुरीपाचा ससा हलेना.
तिनं पुन्हा गिरवलं, जोर देऊन गिरवलं,
बोट जिभेला लावून गिरवलं,
मग शेजारणीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली,
"एजे, ह्याला मी दिसत नाही."

पहाटे तिनं बर्फ फोडून गुरांना पाणी पाजलेलं.
पेरांना भेगा, भेगांत मेंढीची चरबी,
आणि बोटं अशी गार
की काचेला ती बोटं वाटतच नव्हती.
माझ्या वहीत ह्यावर एक ओळ नव्हती.
मी तिचे हात माझ्या तळव्यांत घेतले,
शेगडीपाशी नेले,
वळून बघते तो अख्खा वर्ग हात पुढे करून रांगेत
(बेकबोलोतचे तर माझ्याहून गरम होते).
धडा सात मिनिटांचा. हात शेकायला वीस गेली.

बुधवारी घोडा आला.
चित्राखाली माईकची खूण: हे काय आहे? बोला.
सीमिक म्हणाला, "कुनान."
लाल फुली.
"नीट बघ, सीमिक."
त्यानं नीट बघितलं. "कुनानच. तीन वर्षांचा.
दात दिसत नाहीत, पण मान बघा ना."
फुली.
फुली.
मी गावातली नाही, ट्रॉलीबसच्या रस्त्यावर वाढलेली.
मला 'घोडा' येतो. टॅबलेटलाही तेवढाच येतो.
त्या दिवशी आम्ही दोघं एकाच बाकावरचे,
मठ्ठ.
पाचव्यांदा सीमिक बोलला नाही.
त्यानं टॅबलेट पालथा घातला, फार जपून,
परक्या घरी वाडगा पालथा घालावा तसा.

मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, चल, दाखव.
कुंपणाला तीन घोडे बांधलेले,
लांबच्या वस्तीवरची पोरं त्यांवरूनच येतात.
फोटो त्यानं काढले. नावंही त्यानंच बोलली:
ही बी, ही बैताल, हा कुनान,
आणि तो मागे दडलेला ताय, एजे, ताय, शिंगरू नाही!
आवाजात वारा भरलाय, एका ठिकाणी फुरफुर.
कुनानचा फोटो तर नुसत्या नाकपुडीचा.
तासाला सगळे तेच उघडून बसले.
निरीक्षकांच्या तक्त्यात मी 'भाषा' लिहिलं,
खोडलं, 'परिसर' लिहिलं,
खोडलं. कागद तिथं भोकाला आलाय.

सगळंच बरं चाललंय असं नाही.
एकाची काच तडकली, कुणी कबूल होत नाही.
झारकिनायला ससाच हवा, घोड्यांना ती रडते.
आणि पेन्सिल धरताना दोघांची बोटं
आता कागदावरून नुसती सरकवतात,
जणू पान आपोआप उलटेल.
सादात एजेंनी बघितलं, बोलल्या काही नाहीत,
जाताना माझ्या टेबलावर खडूचा तुकडा ठेवून गेल्या.
टोमणा की भेट, अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी तीनलाच वीज गेली.
पोरं पांगली, खुरांचे आवाज पुलापलीकडे विरले.
राख काढली, कपाटाला कुलूप घातलं,
दिवाभर अंधारात बूट शोधत होते
तेवढ्यात कपाटाच्या आतून
कुणीतरी बंद करायला विसरलेलं,
रशियन उच्चारात, खूप आनंदानं म्हणालं:
शाब्बास!

थांबले मी जरा.
आणखी एकदा म्हणतंय का बघत.