नग क्रमांक एकतीस

पसरणीच्या घाटात एस.टी.नं
मांडीवरची हत्यारांची पिशवी दोनदा खाली पाडली.
मिरजेत उकाडा होता. पाचगणीत उतरलो
तर सिल्व्हर ओकच्या बुंध्यांना धुकं चिकटलेलं,
आणि बंगल्याच्या दारात शाल गुंडाळून
सालोमीबाई रणभिसे, हातात किल्ल्यांचा झुबका.
"शिकलगार ना? सतारवाले?
या. पेटी आमची आजारी आहे."

तिकीट दहा रुपये. मला माफ.
तरी आधी घर दाखवलंच त्यांनी.
मेथडिस्ट म्हणजे काय हो, मी विचारलं.
"पद्धतवाले. कुणी चिडवायला ठेवलेलं नाव म्हणे,
यांनी तेच लावून घेतलं."
आमचंही असंच, म्हटलं.
तलवारींना धार लावणारे ते शिकलगार;
तलवारी गेल्या, भोपळे आले, नाव राहिलं.

नग चार : घोड्यावरची चामडी झोळी,
पोथीच्या मापाचा खळगा अजून धरून बसलेली.
नग नऊ : प्रीतिभोजनाचा पेला, दोन कानांचा,
म्हणजे एकानं दिला की दुसऱ्याला धरता यावा.
नग चौदा : वर्गाची वही. बाराच जण,
दर गुरुवारी एकच प्रश्न, जिवाचं कसं चाललंय?
भागूबाई, धुणंवाली : हजर. हजर. हजर.
मग प्लेगाचं वर्ष, नुसत्याच चौकटी.

भिंतीवर मिस हॅडली,
चष्म्याच्या काचेत एक खिडकी अडकलेली.
खाली पाटी : यांनी ही पायपेटी विलायतेहून आणली.
"वाठार स्टेशनापर्यंत," सालोमीबाई म्हणाल्या,
"तिथून वर आठ माणसांनी.
एक आमच्यातला. बाकी सात तुम्ही शोधा."

मागचं फळकूट काढलं.
आत उंदरांनी गायनाच्या वहीचं घरटं केलेलं,
भात्याचं कातडं चैत्रातल्या टाचेसारखं फाटलेलं.
हे सगळं होतंच, नवल नाही.
पण मधल्या सप्तकातला पंचम मुका,
आणि त्याच्या सुरपट्टीवर
लुगड्याच्या काठाची निळी चिंधी
तीन वेढे देऊन बांधलेली.
गाठ बारीक, मागे वळवून खोचलेली.
उंदीर अशी गाठ मारत नाहीत.

सालोमीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.
"वाजवायची मडम. पुसायची एस्तेर, माझ्या आईची आत्या.
पट्ट्यांना बोट लागलं की आवाज येतो,
म्हणून फडकं फुंकर मारत फिरवायची म्हणे."
का बांधलं असेल?
पाळण्यातलं कुणी दचकत असेल.
किंवा राग. किंवा तोच एक सूर
एखाद्या रविवारी तिला ऐकवेना झाला.
आम्ही दोघांनी एकेक कारण काढून पाहिलं,
कुठलंच पट्टीत बसेना.

काढू की राहू दे, विचारलं.
त्यांनी नगांची यादी उघडली, बोट फिरवलं.
"तीसच आहेत. चिंधी लिहिलेली नाही.
काढा."

पंचम लागला. जरा उतरलेला, जरा घोगरा,
झोपेतून उठवलेल्या माणसानं
"कोण?" म्हणावं तसा.
सुरपट्टी घासून घासून वर आणला.
मग तपासायला म्हणून भूप धरला,
मला पेटीवर दुसरं येतं काय?
पाय मारता मारता पाहिलं तर
सालोमीबाई गुणगुणत होत्या.
"या चालीवर आमचं गीत आहे," म्हणाल्या,
"तुम्हाला कसं ठाऊक?"
मी म्हटलं, मला फक्त चाल ठाऊक.

चार वीसची एस.टी. होती.
त्यांनी पुठ्ठा कापला, बोरूच्या वळणाचं अक्षर :
नग क्रमांक एकतीस. चिंधी, निळी.
पंचमावर सापडली. बांधणारी
आणि पेन थांबलं.
"बांधणारी एस्तेर लिहू?
की 'असेल' सुद्धा लिहू?"

मी पिशवी भरत होतो, कानस सापडेना.
दोन्ही लिहा, म्हटलं, जागा आहे पुठ्ठ्यावर.
घाटात उतरताना आठवलं,
मजुरीची पावती राहिलीच.