टंच

मत्राच्या सूकमध्ये, मासळीबाजाराकडून तिसऱ्या बोळात
आमची भट्टी.
बावीस वर्षं मी लोकांच्या सोन्याचा टंच काढतोय.
मोडीच्या बांगड्या, एकेकटं राहिलेलं डूल,
एकदा तर कुणाच्या तरी आजोबांचा दात,
मुशीत सगळं सारखंच वितळतं.
गुंजेची तूट माझ्या हातून गेली नाही.

जानेवारीत माझाच टंच निघाला:
नऊ पूर्णांक चार.
सुदानी आहारवाल्या बाई, इल्हाम नाव,
कागद माझ्याकडे फिरवून म्हणाल्या,
ही तीन महिन्यांची साखर. कालच्या उपासानं लपत नाही.
मी कालचा उपास धरूनच गेलो होतो.

काय जेवता?
भात, वरण, चपाती, बटाट्याची भाजी,
सोमवारी साबुदाणा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
हे पाच पदार्थ नाहीत, म्हणाल्या,
एकच पदार्थ आहे, पाच वेळा.

मासे? तुमच्या तर दारात ताजे.
अंडं तरी?
मी शर्टावरूनच गळ्यातलं लिंग चाचपलं
आणि मान हलवली.
त्या हसल्या नाहीत,
म्हणून मी पुढचं सगळं ऐकलं.

वरणाचा मात्र धक्का बसला.
डाळीत ताकद असते, हे आईचं वाक्य.
असते की. पण तिच्या पदरालाही पिठाची गाठ,
दोन घास ताकदीचे तर पाच घास तिकडचे.
सावकाश उतरते, एवढंच तिचं सौजन्य.

त्या रात्री कारागीर गेल्यावर
दुकानाच्या काट्यावर मी भात ठेवला.
काचेच्या पेटीतला काटा,
श्वास लागला तरी आकडा हलणारा.
माझं रोजचं एका वेळचं: चारशे दहा ग्रॅम.
सवयीनं अकरा-सहासष्टनं भागलं.
पस्तीस तोळे!
एवढ्यात तीन पोरींची लग्नं उरकतात
आणि मी ते दोन्ही वेळा गिळत होतो,
वर चपाती.

आता निमाई स्वयंपाक करताना पुटपुटतो.
दुधी, मेथी, काकडी यांनी अर्धं ताट अडवलेलं,
हरभऱ्याची उसळ, पनीरचे चार तुकडे,
मटकी, जी इथल्या जूनमध्ये
सकाळी फडक्यात बांधली की रात्री शेपटी काढते.
बेकरीतला खुब्झ पूर्वी दोन,
आता अर्धा, तोही
पापलेट खाणाऱ्याकडे बघावं तसं बघत.

विट्याहून महानंदा विचारते,
ज्वारी चालते ना? पाच किलो पाठवते, जाणारं माणूस आहे.
ज्वारीसुद्धा त्याच पारड्यात बसते
हे मी तिला सांगितलं नाही.
पाठव म्हटलं.
भाकरीला नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही,
अर्धी म्हणायला शिकतोय.

मालक सुलेमान, अकरा वाजता कहवा आणि खजुराचं तबक.
बावीस वर्षं मी तीन उचलले. तीन हा रिवाज.
परवा एकच उचलला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं,
मग दिशदाशाच्या खिशातून
निळं इन्सुलिनचं पेन काढून
बियांच्या वाटीशेजारी ठेवलं.
आम्ही दोघं गप्प बसलो.
कहव्याला वेलदोड्याचा वास होता.

एप्रिलमध्ये सात पूर्णांक आठ.
बाई म्हणाल्या, छान.
मी म्हटलं, हीण आहे अजून.

काल निमाईनं भाताचा डाव धरून विचारलं, किती?
मी डोळ्यांनीच थांबवलं: बस, एकशे वीस.
त्याला पटेना. ताटली काट्यावर नेली,
ताटलीचं वजन वजा केलं.
एकशे अठरा.
दोन ग्रॅमची तूट, दादा, तो म्हणाला.
मी ताट पुढं केलं.
वाढ.