नमुना अ, नमुना ब

हर्णैच्या पुळणीला गोणी लागली.
हरेश्वर पावसेनं ती स्वतःच चौकीत नेली.
नऊ पाकिटं. नमुना अ.

दहावं त्याच्या पोराच्या
सुकटीच्या डब्यात. नमुना ब.

माझ्या टेबलावर बाप नव्हता, लेक नव्हता,
लाखेचे शिक्के होते.
यंत्रानं कागदावर शिखरं काढली,
मी एकावर एक धरली उजेडात:
तीच उंची, तीच खाच,
आणि मुरलेलं मीठसुद्धा.

खेडच्या कोर्टात वकील हसले,
"बाई, चरस म्हणजे सगळा सारखाच ना?"
"बांगडा तरी कुठे सगळा सारखा असतो?
हे दोन्ही एकाच घाण्यातले."

मागच्या बाकावर हरेश्वर गप्प.
गोणीतली रिकामी जागा
त्यानं माझ्याआधीच मोजली होती,
तरी नेली.